चुलाणाची वैल

नवरदेवाच्या अंगाला साबण लागलेला, नळाला पाणी नाही आणि मुहूर्ताला तासभर उरलेला, अशा वेळी माझी आणि त्या नवरदेवाची ओळख झाली. ओळख म्हणजे न्हाणीघराच्या बंद दारातून. आतून तो ओरडत होता, "अवो बाई, डोळ्यात गेलंय!" आणि बाहेर त्याचा मामा माझ्यासमोर उभा राहून विचारत होता, "तुमी ह्ये कार्यालय चालवताय, का आमची थट्टा चालवलीय?"

फ्यूज उडाला होता. फ्यूज उडाला की पाण्याची मोटर बंद, मोटर बंद की वरची टाकी रिकामी. शेवटी शेजारच्या गोठ्यातल्या हौदाचं पाणी आणून त्या पोराला धुवून काढलं. मार्गशीर्षातली सकाळ, हौदाचं पाणी नुसतं गारठलेलं. मंगलाष्टकं चालू असताना बिचारा प्रत्येक 'सावधान'ला शिंकत होता, आणि वऱ्हाडातल्या पोरी अंतरपाटाआडून हसत होत्या. मला मात्र रडू येत होतं.

ही नव्वदनंतरच्या वर्षांतली गोष्ट. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. गावच्या पंचमंडळींनी वर्गणी काढून मंगल कार्यालय बांधलं होतं. बांधलं झोकात. मोठं दालन, दोन्ही पक्षांना राहायला खोल्या, सहा न्हाणीघरं, मागे स्वयंपाकाची शेड. पण ते चालवायला माणूस टिकत नव्हता. पहिल्या व्यवस्थापकाने पानाची टपरी टाकली. दुसरा एका लग्नाच्या दिवशी दुपारी जेवून जो गेला तो परत आलाच नाही. मग कुणी तयार होईना, तेव्हा पंचांच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. मीही आबाच म्हणत असे, आणि ते गावातल्या प्रत्येक सुनेला सूनबाई.

"सूनबाई, तू बालवाडी चालवलीस. वऱ्हाड म्हंजे काय, मोठी बालवाडीच की," ते म्हणाले. "यवढी थंडी निभावून दाव. माघ सरला की बघू, ठेवायचं का न्हाय ते."

मला ते काम हवं होतं. हे मी आज सरळ लिहिते, तेव्हा मात्र कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बारावी झाल्या झाल्या लग्न होऊन मी या गावात आले. बालवाडीला तीन वर्षं दिली आणि ती बंद पडल्यावर घरात बसून भिंती बघत होते. नवरा साखर कारखान्यात फिटर, भला माणूस, पण तो पाळीवर गेला की माझ्याशी बोलायला गहू आणि ज्वारी. कार्यालयात गेल्यापासून माणसं मला विचारायला लागली. मांडव कुठं घालायचा, पंगत कधी बसवायची, जानवसा कुठला. मी सांगेन तसं व्हायचं. ही चव एकदा लागल्यावर मी परत भिंतींकडे जाणार नव्हते.

आणि ते सगळं एका फ्यूजवर येऊन अडलं होतं.

कारण साधं होतं. आमच्याकडे थंडीत लग्नं फार. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात, पौषात थांबतात आणि माघात पुन्हा उसळतात. वऱ्हाड आदल्या दिवशी मुक्कामाला येतं आणि पहाटे सगळ्यांना एकाच वेळी कढत पाणी लागतं. कार्यालयात दोन बंब होते, ते पहिल्या दहा माणसांतच संपायचे. त्यामुळे आमच्या कार्यालयात गरम पाणी मिळत नाही अशी ख्याती झाली होती, आणि त्यावर लोकांनी तोड काढली होती. प्रत्येक घर आपापला पाणी तापवायचा रॉड घेऊन यायचं. अहेराच्या साड्यांत गुंडाळून, वळकटीत खुपसून, एकदा तर रुखवताच्या परातीत. त्या रॉडला पिन असेल तर शपथ. दोन उघड्या तारा भिंतीतल्या भोकांत घालायच्या आणि निसटू नयेत म्हणून वर आगपेटीच्या काड्या ठोकायच्या. सहा न्हाणीघरं, नऊ खोल्या, आणि जिथे भोक दिसेल तिथे बादलीत रॉड. दिवे पिवळे पडायचे, पंखा म्हाताऱ्यासारखा फिरायचा, मग 'फट्' असा आवाज यायचा आणि वायरमन येईपर्यंत सगळा कारभार ठप्प.

मी पाटी लावली, 'रॉड लावू नयेत'. त्या पाटीच्या खिळ्याला कुणीतरी रॉड वाळत टाकला.

शिंकऱ्या नवरदेवाच्या लग्नानंतर आबा स्वतः आले. रागावले की ते ओरडत नसत, हळू बोलत. त्याचीच जास्त भीती वाटायची. "माघात माझ्या नातीचं लगीन हाय. हितंच. वालचंदनगरचं वऱ्हाड यायचंय, कंपनीच्या क्वार्टरात राहणारी माणसं. त्यांच्या घरात नळ फिरवला की ऊन पानी येतं. त्या दिशी दिवा नुसता मिणमिणला ना सूनबाई, तर किल्ली माझ्या हातात ठेवायची. दुसरं बोलनं न्हाय."

"आबा, मोठं कनेक्शन घेऊ या," मी म्हणाले.

"त्याला वीज बोर्डाची नवी डीपी लागती. अर्ज दिलाय. तुझ्या नातवाच्या लग्नाला ईल ती."

म्हणजे वीज वाढणार नव्हती, आणि वऱ्हाड काही थंड पाण्याने आंघोळ करणार नव्हतं. मधे फक्त पौष होता.

उपाय सुचला तो रागाच्या भरात. मार्गशीर्षातल्या शेवटच्या लग्नात पुन्हा फ्यूज उडाला. वरमाईने मला जे ऐकवायचं ते ऐकवलं आणि मी डोळे पुसायला स्वयंपाकाच्या शेडमागे जाऊन उभी राहिले. तिथे पाठ एकदम उबदार झाली. वळून पाहिलं. आचाऱ्याचं विटांचं लांब चुलाण होतं, त्यावर एका रांगेत चार हंडे. पुढून लाकडं घालायची आणि मागच्या मोठ्या भोकातून जाळ बाहेर. तो जाळ भिंतीला चाटून वर जात होता, भिंत काळी कुळकुळीत झाली होती. आणि त्या भोकासमोर राखेत गावातली पाच कुत्री पाय ताणून झोपली होती. माणसं आत काकडत होती आणि कुत्री इथे ऊब खात होती. मला इतका संताप आला की मी एका कुत्र्याला दगड मारला. त्याने डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली.

संताप उतरल्यावर मला चूल दिसली, माझ्या माहेरची. नरसिंहपूरकडचं माझं माहेर. तिथल्या चुलीला काय, गावातल्या कुठल्याही चुलीला, वैल असते. मुख्य चुलीवर भाकरी भाजत असते आणि शेजारच्या त्या दुसऱ्या तोंडावर, उरलेल्या जाळावर, कालवण रटरटतं नाहीतर पाणी तापतं. त्यासाठी एक काटकीसुद्धा वेगळी लागत नाही. प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून एवढं मोठं चुलाण बांधलं होतं, त्याला वैल ठेवायचं कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कारण घर बांधताना बायकांना विचारतात तरी, कार्यालय बांधताना कोण विचारतो?

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. घास हातात तसाच धरून म्हणाला, "अगं, आमच्या कारखान्यात दुसरं काय करतात? एकच वाफ रसाच्या चार भांड्यांतनं फिरवतात. एकदा वापरून सोडून दिली तर मॅनेजर जीव घेईल." मग त्याने भात बाजूला सारून ताटातच बोटाने एका पेटीचं आणि नळ्यांचं चित्र काढलं. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, पण त्या दिवसाइतकं तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता.

ठरलं ते असं. चुलाणाच्या मागच्या भोकावर जाड पत्र्याची चपटी पेटी बसवायची, पाण्याने भरलेली. पेटीला दोन नळ्या, एक खालून, एक वरून, आणि त्या पत्र्याच्या दोन मोठ्या पिंपांना जोडायच्या. तापलेलं पाणी आपोआप वरच्या नळीने पिंपात चढेल आणि गार पाणी खालच्या नळीने पेटीत उतरेल. मोटर नको, वीज नको. पिंपांतून न्हाणीघरांना नळ. पेटी बारामतीच्या एका गॅरेजवाल्याने जोडून दिली. त्याला आधी वाटलं मी गुळाचं गुऱ्हाळ काढतेय. बिल पंचांनी दुरुस्तीसाठी ठेवलेल्या पैशांतून भागलं.

पहिल्या दिवशी आमची फजिती झाली. पिंपं जड, वर चढवायचा कंटाळा, म्हणून नवऱ्याने ती जमिनीवरच ठेवली. "चालतंय," तो म्हणाला. चालत नव्हतं. जाळ केला आणि थोड्याच वेळात पेटी आतून धाडधाड वाजायला लागली, अंगात आल्यासारखी. मग वरच्या नळीतून वाफेची पिचकारी उडाली आणि आम्ही दोघं दोन दिशांना पळालो. तो मळ्यापर्यंत, मी रस्त्यापर्यंत. पिंपात हात घातला तर पाणी तसंच गार. नवरा बराच वेळ डोकं खाजवत बसला. मग उठला आणि दगड रचायला लागला. पिंपं पेटीपेक्षा उंच हवीत, नाहीतर गरम पाणी जाणार कुठे? दुसऱ्या दिवशी छातीएवढा ओटा झाला, पिंपं वर चढली आणि पाणी मुकाट्याने फिरायला लागलं. मी वरच्या नळीवर हात ठेवला आणि चटका बसून ओरडले. त्या चटक्याने मला जेवढा आनंद झाला तेवढा लग्नातल्या पाटल्यांनीही झाला नव्हता.

मग दुसरी अडचण. हळदीच्या रात्रीच्या स्वयंपाकावर पिंपं तापली तरी पहाटेपर्यंत निवायची. आमच्याकडची पौषातली थंडी, त्यात शेजारून कालवा वाहतो. तेव्हा मला माझ्या वडिलांची घोंगडी आठवली. माझ्या माहेरी पूर्वी मेंढरं होती. पाणी आलं, ऊस आला, वडिलांनी कळप मोडून शेती धरली, पण घोंगड्यांची चवड माळ्यावर तशीच होती. त्या घोंगडीखाली बसून त्यांनी अख्ख्या थंड्या आणि पाऊस रानात काढले होते. मी माहेरी जाऊन आठ घोंगडी मागितली. "कुनासाठी गं?" वडिलांनी विचारलं. "पिंपासाठी," मी म्हणाले. मग माळ्यावर चढून त्यांनी स्वतः निवडून दिली, फाटकी नव्हे, चांगली. पिंपांना घोंगडी गुंडाळली, वर गोणपाट शिवलं, डोक्यावर फळ्यांचं झाकण घातलं. गावातली माणसं येता-जाता विचारायची, "बाई, टाकीला थंडी वाजती का? कानटोपी बी घाला की!" मी म्हणायचे, "घालते, तुमची द्या." रात्री तापवलेलं पाणी पहाटे चार वाजता हाताला सोसत नव्हतं.

आता खरी आडकाठी उरली होती. आचारी.

आचारी मामा म्हणजे पंचक्रोशीतला एक नंबरचा हात. त्यांच्याशिवाय आमच्याकडे पंगत होत नसे. लग्नाच्या आदल्या दिवशी ते चुलाणाला हळदकुंकू लावून नारळ फोडायचे आणि मग त्यांच्या माणसांखेरीज कुणाचीही सावली तिथे पडू द्यायचे नाहीत. पौष अर्धा सरला होता तेव्हा त्यांच्या कानावर माझा उद्योग गेला. सायकलवर आले ते थेट शेडमागे. पेटी बघितली, पिंपं बघितली.

"ह्ये उचला," ते म्हणाले.

"मामा, नुसतं उरलेल्या जाळावर..."

"उरलेला? कुनी सांगितलं उरलेला हाय म्हनून? माझा जाळ चोरून तुमी लोकांची अंगं धुनार? पुढं देवाचा नैवेद शिजतोय अन् मागं अंघुळीचं पानी? उद्या बुंदी बिघडली, भात कच्चा ऱ्हायला, तर शिव्या कुनाला? मला!"

"मामा, तुमच्या घरी वैल आहे की नाही?"

"घरचं येगळं. ह्ये माझ्या पोटाचं काम हाय."

त्यांचा राग मला कळत होता, खोटं कशाला बोलू. माझं काम वाचवायला मी त्यांच्या कामात हात घातला होता आणि तोही न विचारता. कार्यालय बांधताना पंचांनी बायकांना विचारलं नाही, तसंच मीही मामांना विचारलं नव्हतं. पण पेटी उचलणं मला परवडणारं नव्हतं. मी म्हणाले, "मामा, एकदा पेटवून बघा. भात कच्चा राहिला तर मी स्वतः पेटी उपटते." ते मान हलवत सायकलला पाय लावून उभे.

तेवढ्यात मागून मामी आल्या. मामी म्हणजे त्यांची बायको, भांडी घासणाऱ्या बायकांची म्होरकी. त्या पेटीकडे गेल्याच नाहीत. सरळ पिंपाच्या नळापाशी गेल्या, सकाळी आम्ही चाचणीसाठी तापवलेलं पाणी त्यांनी हातावर घेतलं आणि दोन्ही हात त्याखाली धरून उभ्या राहिल्या. त्यांचे ते हात मी पहिल्यांदा नीट पाहिले. थंडीत हौदाच्या पाण्याने तुपकट पातेली घासून घासून बोटांच्या पेरापेरांना भेगा पडल्या होत्या, काही रक्ताळलेल्या. मी त्या कार्यालयात गरम पाण्यासाठी जंग जंग पछाडत होते आणि मला पाहुण्यांची अंगं दिसली, या हातांचा विचार एकदाही मनात आला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

मामी न वळता म्हणाल्या, "आवं, ह्यो नळ भांड्याच्या मोरीत बी यील का वो बाई?"

"येईल मामी. पहिला तिकडेच देते."

"मग ऱ्हाऊ द्या ती पेटी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "न्हायतर माघातली भांडी तुमी घासा. मी पंगतीला वाढती."

मामांनी सायकल स्टँडला लावली. बराच वेळ चुलाणाभोवती फिरले, मागच्या भोकात वाकून पाहिलं, पेटीला टिचकी मारून बघितली. मग म्हणाले, "जाळ मागं पळतोय खरा. हितं मातीचा बांध घातला तर पुढच्या हंड्याखाली बी जास्त लागंल." त्यांनीच चिखल कालवून तो बांध घातला. आणि अट घातली की वैलीलाही हळदकुंकू लागेल, तिचा नारळ वेगळा, आणि तो मी फोडायचा. मी आजवर घरात सोडून कुठे नारळ फोडला नव्हता. बायकांनी फोडायचा नसतो म्हणतात. मामा म्हणाले, "वैल बायकांची. तुमीच फोडा." मी फोडला. एका दणक्यात दोन शकलं झाली.

माघ उजाडला आणि आबांच्या नातीचं लग्न आलं.

वालचंदनगरचं वऱ्हाड आदल्या दिवशी दुपारी उतरलं. मी दारातच टेबल टाकून बसले होते. बालवाडीत पोरांकडून चिंचा आणि गोट्या काढून घ्यायचे, तसे मी त्या दिवशी रॉड काढून घेतले. प्रत्येकाला नंबर लिहिलेली चिठ्ठी, जाताना दाखवा आणि न्या. क्वार्टरातली माणसं असली म्हणून काय झालं? कार्यालयाची ख्याती त्यांच्यापर्यंतही पोचली होती. टेबलाखाली एकोणीस रॉड जमले. एक वयस्कर बाई म्हणाल्या, "पोरी, आमचा काढून घेतलास, पण पाणी नाही मिळालं तर तुला बघून घेईन." मी हसले. त्यांच्या हातात चिठ्ठी ठेवली.

पहाटे मामांनी चुलाणात लाकडं सारली तेव्हा मी वैलीपाशी उभी होते. थंडी अशी की बोलताना तोंडातून धूर निघत होता. पिंपं काठोकाठ, घोंगड्यांच्या आत रात्रीचं पाणी अजून कढत. पहिली बादली भरली आणि न्हाणीघरात वाफ झाली. मग दुसरी, तिसरी. मग मोजायचं सोडलं. सहा न्हाणीघरांची दारं उघडत होती, मिटत होती. बायका केस पुसत बाहेर येत होत्या. लहान पोरं, जी एरवी आंघोळीच्या नावाने गाव गोळा करतात, ती बाहेर यायला तयार नव्हती, त्यांना ओढून काढावं लागत होतं. मागे भांड्याच्या मोरीत मामी आणि त्यांच्या बायका कढत पाण्यात पातेली बुडवून गप्पा मारत होत्या. भांडी घासताना त्यांना मी कधी हसताना ऐकलं नव्हतं. आणि या सगळ्या वेळात मी पाच पाच मिनिटांनी दालनात जाऊन वर बघत होते. दिवे पांढरेशुभ्र. पंखा फिरवून पाहिला, गरगरला. मोटर लावली, एका झटक्यात पाणी वर.

आबा सगळ्यात शेवटी आले. धोतराच्या सोग्यात काहीतरी लपवलेलं. मी हात पुढे केला. ते जरा ओशाळले, मग त्यांनी सोग्यातून आपला रॉड काढून माझ्या हातात ठेवला. "जवळ असावा म्हनून आनला," म्हणाले. मी त्यांनाही चिठ्ठी दिली, विसावी.

ते आंघोळ करून बाहेर आले तेव्हा त्यांचं टक्कल लाल झालं होतं आणि त्यातून वाफ निघत होती. नवरदेवाची आंघोळ झाली, नवरीची झाली, साबण सगळ्यांचा निघाला, मंगलाष्टकं कुणी न शिंकता पार पडली. भात मोकळा झाला, बुंदी पिवळीधमक. आणि मामांनी जेवणं उरकल्यावर मला बोलावून लाकडांचा ढीग दाखवला. मातीच्या बांधामुळे पुढचा जाळही नीट लागला होता, आणि आणलेल्या लाकडांतली बरीच उरली होती. "तुमी जाळ चोरला म्हनलो व्हतो म्या," ते म्हणाले. "कुत्रीच चोरत व्हती की वो." त्या दिवशी मी तीन वाट्या बासुंदी प्यायले. कुणाच्या बापाला घाबरत नव्हते मी त्या दिवशी.

पुढच्या महिन्यात मीटर बघायला माणूस आला. आकडा लिहिला, मागचा आकडा बघितला, पुन्हा मीटर बघितलं. मग माझ्याकडे संशयाने बघत म्हणाला, "बाई, मीटर बंद पडलंय, का बंद पाडलंय?" मी दालनातले सगळे पंखे लावले. मीटरची चकती गरागरा फिरली. तो गोंधळला. मग मी त्याला शेडमागे नेऊन वैल दाखवली, घोंगडी वर करून पिंपावर हात ठेवायला लावला. जाताना तो म्हणाला, "आमच्या आईला सांगतो."

इथवर सगळं गोड. पण माघ सरला तशी पंचांची बैठक बसली.

मला वाटलं होतं, शाब्बासकी मिळेल. मिळाली, अर्ध्या मिनिटाची. मग एका पंचांनी घसा खाकरून विषय काढला की आता घडी बसली आहे, गरम पाण्याची सोय झाली आहे, तेव्हा कार्यालय त्यांच्या पुतण्याकडे द्यावं. पोरगा शिकलेला आहे, रिकामा आहे. "आता काय, कुनीबी चालवंल," ते म्हणाले. दोघातिघांनी माना डोलावल्या. पुतण्या इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात बसला होता. एवढे दिवस मला भीती होती की नापास झाले तर काम जाईल. पास झाल्यामुळेही जाऊ शकतं हे मला सुचलंच नव्हतं.

मी उठले. म्हणाले, "आबा, द्यायचं तर द्या. मी किल्ली आणली आहे." आणि किल्ली टेबलावर ठेवली. "फक्त त्यांना एक विचारू द्या. भाऊ, पहाटे चुलाण पेटवायच्या आधी काय बघाल?"

पुतण्याने आजूबाजूला पाहिलं. "लाकडं," तो म्हणाला.

दारात आचारी मामा उभे होते, फाल्गुनातल्या तारखा घ्यायला आलेले. ते मोठ्याने म्हणाले, "झालं! मग माझं चुलाण उडालं, अन् संगट मी बी!"

पुतण्या गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "पेटीत पाणी आहे का ते बघायचं भाऊ. कोरड्या पेटीला जाळ लागला की ती फाटते. मग पिंपांचं झाकण ढिलं आहे का, वाफेला वाट आहे का. मग पहिली बादली भांड्याच्या मोरीत. मग खोल्यांतले रॉड. ते साड्यांत असतात, परातीत असतात, आणि कधी कधी," मी आबांकडे बघितलं नाही, "धोतराच्या सोग्यात असतात."

सगळी बैठक हसली. कुणाच्या सोग्यात होता ते कुणी विचारलं नाही, पण आबांचे कान लाल झालेले सगळ्यांनी पाहिले. पुतण्या स्वतःच म्हणाला, "काका, मला न्हाय जमायचं ह्ये. पहाटं उठावं लागतंय." तो प्रामाणिक मुलगा होता, मी अजून त्याला मानते.

आबांनी टेबलावरची किल्ली उचलली. थोडा वेळ हातात घोळवली. मग माझ्याकडे न देता त्या पंचांकडे वळून हळू आवाजात, त्यांच्या त्या रागाच्या आवाजात, म्हणाले, "हितं चार वर्सं आपुन सगळी बसलो. तुमी, मी, समदे. कुनाच्या डोक्यात आलं का ह्ये? न्हाय आलं. घडी बसली न्हाय. हिनं बसवली." मग किल्ली माझ्यापुढे धरली. "सालाच्या करारावर न्हाय. तू नको म्हनशील तवर."

मी किल्ली घेतली. आभार मानायचे असतात, पण मला रडून त्या माणसांसमोर हलकं व्हायचं नव्हतं. मी फक्त म्हणाले, "फाल्गुनातल्या तारखा द्यायच्यात, मामा खोळंबलेत," आणि बाहेर आले.

घरी जाताना कालव्याच्या कडेने मी चक्क पळाले. पदर खोचून, भर दुपारी, रस्त्याने ऊसगाड्या चालल्या होत्या तरी. नवरा पाळीवरून आलेला, ओट्यावर टॉवेल घेऊन बसला होता. मी धापा टाकत सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, "खरंच? तू म्हनशील तवर?" मग हसत उठला आणि न्हाणीत गेला. आतून ओरडला, "अगं, पानी कुठं तापवलंयस?"

सकाळपासून बैठकीच्या धास्तीत मी घरची चूल पेटवलीच नव्हती. मी पायरीवर बसले आणि हसता हसता मला रडू फुटलं, सगळ्या थंडीभर दाबलेलं. आतून गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडल्याचा आवाज आला, मग त्याची किंकाळी, आणि मग, देवाशपथ सांगते, त्या माणसाने मोठ्याने गाणं म्हणत अख्खी आंघोळ उरकली.